तान्ह्या पोळ्याचा नऊ इंची नंदी गल्लीत पंधरा फुटी दाखवायचा आहे (हिरवा पडदा, मदत हवी)

पऱ्हाटी
सोमवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी.

मी आर्वी तालुक्यातला. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोट्ट्यांचा पोळा भरतो. खऱ्या बैलांऐवजी लाकडी नंदी, चाकाच्या पाटीवर बसवलेले. पोरं ते ओढत घरोघरी जातात आणि बोजारा (खाऊ-पैसे) घेतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना मोठाले नंदी माहीतच असतील. आमच्या गावात तेवढा मोठा नंदी नाही, म्हणून यंदा तो व्हिडिओत आणायचा ठरवला आहे.

सीन साधा आहे. पोरं कासरा ओढत गल्लीच्या वळणावरून येतात आणि मागून जो नंदी निघतो त्याचं डोकं कौलांच्या वर. नंदी आजोबांनी घडवलेला, सागवानी, बरोबर ९ इंच उंच. पांढरा रंग, लाल झूल, शिंगांना बेगड, खांद्यावर हळद.

पद्धत अशी की वस्तू हिरव्यासमोर काढायची, मग सॉफ्टवेअरनं हिरवा उडवून तिथं दुसरं चित्र टाकायचं. पहिल्या दिवशी मागे शेतातली हिरवी शेडनेट बांधली. (हसून घ्या.) दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन मीटर पोपटी कापड आणलं. फोनवर काइनमास्टर या एडिटिंगच्या ॲपमध्ये हिरवा उडवला, मग चुलतभावाच्या लॅपटॉपवर डाविंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये. आता भोगतो आहे ते असं: कडा उकळत्या दुधासारख्या हलतात. शिंगांची टोकं गायब. खांद्याची हळद नारिंगी झाली. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे, एका शॉटमध्ये हिरवा स्वच्छ निघाला तरी नंदी खेळणंच दिसतो. गल्लीच्या फोटोवर कोणी स्टिकर लावल्यासारखा.

फोन मध्यम आहे. ४केमध्ये सेकंदाला ३० फ्रेम, त्याहून कमी बारकाव्याच्या १०८०मध्ये १२० फ्रेम. पोळ्याला अठरा दिवस उरलेत.

---

शूटिंगवाले_काका
सोमवार, रात्री ११:१५

शेडनेट! अरे बावा, तिला भोकं असतात आणि प्लास्टिकची चमक असते. ती पऱ्हाटीच्या रोपांवर ठेव.

दर्यापूरकडे पंचवीस वर्षं लग्नं शूट केली, म्हणून अनुभवाचे दोन शब्द. कापड चमकणारं नको. सॅटिन, टेरिकॉट बाद. सुती पोपलीन चालते, पण इस्त्री करून ताणून लावायची, कारण प्रत्येक सुरकुती म्हणजे एक फिका हिरवा आणि एक गडद हिरवा. आणि नऊ इंचाच्या वस्तूला कापड पाहिजे कायले? स्टेशनरीच्या दुकानात पोपटी कार्डशीट मिळते, दोन घे, प्लायवर चिकटव. मॅट असते, सुरकुती नाही, वाऱ्यानं फडफडत नाही.

दुसरं, नंदी पडद्याला चिकटून उभा केला असशील. तीन-चार फूट पुढे आण. पडद्याचा उजेड उलटून वस्तूवर पडतो, तो हिरवटपणा पांढऱ्या रंगावर पहिले दिसतो. तुझा नंदी पांढरा. पडद्यावर वेगळा उजेड, नंदीवर वेगळा.

आणि रंग पाहून पडदा निवडायचा असतो हे मी फार महागात शिकलो. एका लग्नात नवरा-नवरीला धबधब्यासमोर उभं करायचं होतं. हिरवा पडदा लावला, बटण दाबलं. नवरीच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा! पंजे वेगळे, दंड वेगळे, मधून धबधबा वाहून राहिला. कॅसेट घरी गेल्यावर मुलीच्या आजीनं अपशकुन म्हणून देव पाण्यात ठेवले. उरलेले पैसे आजवर आले नाहीत.

---

रिकामटेकडी
सोमवार, रात्री ११:२१

काका 😂😂 चुडा मेले हसून

---

तिसरा_डोळा
मंगळवार, सकाळी ७:५०

मूळचा अचलपूरचा, सध्या पुण्यात एडिटिंग करतो. काकांचं सगळं बरोबर आहे. कडा, शिंगं आणि हळदीबद्दल सांगतो.

कडा का उकळतात: फोन व्हिडिओ साठवताना उजेडाची माहिती पूर्ण ठेवतो, पण रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी करून टाकतो. ४:२:० म्हणतात ते हेच. १०८०च्या व्हिडिओत रंगाचं चित्र प्रत्यक्षात ९६० बाय ५४० एवढंच असतं. आपण हिरवा रंग बघून कापतो, म्हणजे कात्री त्या निम्म्या चित्रावर चालते. म्हणून ४केमध्ये शूट करा, ४केमध्येच कापा आणि शेवटी १०८०ला आणा. रंगाचं चित्र मग बरोबर १९२० बाय १०८० होतं. फुकटच्या रिझॉल्वमध्ये ४केपर्यंत काम होतं.

पडदा हिरवाच का, तर सेन्सरवरच्या चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्याचे असतात, एक लाल, एक निळा. हिरव्यात खरखर (चित्रातले दाणे) सगळ्यात कमी. निळ्या पडद्याला उजेड जास्त लागतो.

शिंगं का गेली: बेगड म्हणजे आरसाच. त्यात कार्डशीट दिसते आणि सॉफ्टवेअर ती कापतं. बेगडीवर कापसाच्या बोळ्यानं टाल्कम पावडर थोपटा. किंवा शिंगाभोवती हातानं मास्क काढा, तो भाग कापूच नका.

हळद मजेशीर आहे. हिरवटपणा घालवताना सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एक नियम लावतं: हिरवा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त असू द्यायचा नाही. आता हळद घ्या. लाल २३०, हिरवा १९०, निळा ४०. सरासरी १३५. १९०चा १३५ झाला की पिवळ्याचं नारिंगी. पिवळ्यात हिरवा असतोच, तो चोर नसतो. नियम बदलून 'लाल-निळ्यातला जो मोठा, त्याच्यापर्यंत' असा केला की हळद वाचते, कारण १९० हा २३०च्या आतच आहे. तेवढंही नको असेल तर हळदीपुरता निळा पडदा घ्या. पिवळ्याचं आणि निळ्याचं कधीच जमत नाही, आणि ते इथे आपल्या फायद्याचं.

खेळण्यासारखा दिसतो त्याचं मूळ मात्र पडद्यात नाही. शॉट टाका, मग बोलू.

---

पऱ्हाटी
बुधवार, रात्री ९:३०

कार्डशीट आणली, नंदी चार फूट पुढे, बेगडीला पावडर, ४के. कडा एकदम गुळगुळीत! हळद पिवळी. तिसरा डोळा भाऊ, तुमच्या नावानं एक नारळ.

पण राजेहो, आता तर अजूनच खेळणं दिसतो. आधी निदान खराब दिसत होता, आता स्वच्छ खेळणं दिसतो. शॉट खाली जोडला आहे.

---

उगाच_एक
बुधवार, रात्री ९:४४

एवढा कुटाणा कशाला? एआयला एक ओळ लिहा, नंदी काय ऐरावत आणून देईल.

---

पऱ्हाटी
बुधवार, रात्री ९:५१

आणून देईल भाऊ, पण तो आमच्या बुढ्याचा नंदी नसेल. याच्या डाव्या कानाला किकऱ्याची (सुताराच्या छिन्नीची) खूण आहे, गावातलं प्रत्येक पोट्टं ती ओळखते.

---

बंडी
गुरुवार, सकाळी ६:१०

शॉट पाहिला. काऊन खेळणं दिसते ते सांगतो. आयटीआयमध्ये शिकवतो, म्हणून थोडं गणित.

तुझी गल्ली तू उभा राहून काढली, लेन्स जमिनीपासून ५ फुटांवर. नंदी मात्र टेबलावर ठेवून वरून काढला. त्याची पाठ दिसते आहे. पंधरा फुटी बैलाची पाठ पाच फुटांवरच्या माणसाले कशी दिसन? डोळ्याले हे लगेच कळते, सांगता येत नाही एवढंच.

९ इंचाचे १५ फूट म्हणजे २० पट. आता सगळं वीसनं भाग. लेन्सची उंची ५ फूट, म्हणजे टेबलापासून ३ इंच. गल्लीत नंदी ८० फुटांवरून ४० फुटांपर्यंत येणार असेल, तर टेबलावर ४ फुटांवरून २ फुटांपर्यंत. दोन्हीकडे तोच फोन, तीच लेन्स, झूम अजिबात नको. फोनचा झुकाव गवंड्याच्या लेव्हलनं दोन्हीकडे सारखा ठेव. फोन आडवा, लेन्स वरच्या कोपऱ्यात येईल असा टेकवला की उंची जवळपास ३ इंचच भरते.

तुझ्या शॉटमध्ये शेवटी नंदी एक फुटावर येतो. तिथं तोंड स्पष्ट आणि शेपटी धूसर. एवढा मोठा बैल वीस फुटांवर असता तर शेंड्यापासून शेपटीपर्यंत स्पष्ट दिसला असता. मागचा भाग धूसर झाला की मेंदू म्हणते, वस्तू लहान आहे. तुझ्या फोनच्या लेन्सचं छिद्र लहान-मोठं करता येत नाही, म्हणून दोन फुटांच्या आत आणूच नको. जवळचा शॉट पाहिजे असला तर दोन्ही चित्रं जोडून झाल्यावर ४केमधून मधला भाग काप, दुप्पट मोठा दिसन.

आता वेग. उंचावरून पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. २० फुटांवरून ढेकूळ पडायला साधारण १.१ सेकंद लागते, आणि १ फुटावरून पाव सेकंद. २०चं वर्गमूळ साधारण साडेचार. म्हणून लहान वस्तू साडेचार पट संथ दाखवली की तिच्यात वजन येते. १२० फ्रेमनं काढून २५नं चालव, ४.८ पट होते. पोरं गल्लीतले ४० फूट २० सेकंदांत कापत असतील तर नंदी टेबलावर २ फूट चार सेकंदांत ओढायचा.

---

तिसरा_डोळा
गुरुवार, सकाळी ९:०५

बंडीभाऊ, दंडवत. एक अडचण: त्यांचा फोन १२० फ्रेम १०८०मध्येच देतो. म्हणजे कडा परत उकळणार.

---

बंडी
गुरुवार, दुपारी १:२०

मग कडा की वजन, एक निवडा. मी वजन निवडीन.

---

तिसरा_डोळा
गुरुवार, दुपारी १:४८

मी कडा. नंदी कुठे उडी मारतोय? चाकावर सरळ चालतो. पडणारं, उडणारं, लोंबणारं काही नसेल तर जास्त फ्रेमची गरजच नाही. ४केमध्ये ३० फ्रेमनं काढा, पण नंदी चार सेकंदांऐवजी पूर्ण वीस सेकंदांत ओढा. काचेवर ठेवा म्हणजे झटका बसणार नाही. धक्के नंतर एडिटमध्ये हातानं द्या, हळू आणि जड. फक्त गळ्यातली घुंगरमाळ आणि झुलीचे गोंडे काढून टाका. ते लोंबकळले की वीस पट छोटी वस्तू लगेच चुगली करते.

---

बंडी
गुरुवार, दुपारी २:०२

हाव, हे पटलं. पण गोंड्याशिवाय पोळ्याचा बैल म्हणजे बिनबाशिंगाचा नवरदेव. गोंडे काढू नको, आतून फेव्हिकॉलनं चिकटव.

---

शूटिंगवाले_काका
गुरुवार, दुपारी ४:३०

दोन फूट वीस सेकंदांत हातानं ओढून दाखवा कोणीही. हात थरथरतो. लाटण्याला दोरा गुंडाळून हळूहळू फिरवा. घरची बाई पोळ्या लाटत नसेल तेव्हा.

---

मास्तरीणबाई
गुरुवार, रात्री ८:१५

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनासाठी असले उद्योग दोनदा केलेत, म्हणून तोंड घालते.

पऱ्हाटीदादा, शॉटमध्ये मला दुसरंच खटकलं. नंदी जमिनीवर नाही. चाकांखाली हिरवं होतं ते कापलं, मग गल्लीची माती चाकाखाली नुसती आली. सावली नाही, दाब नाही. मी खालचा पडदा काढूनच टाकते. पाटावर त्याच गल्लीतली माती पसरा आणि हिरवा फक्त मागे ठेवा. चाकांपुढची थोडी माती चित्रात राहू द्या आणि मऊ कडेच्या मास्कनं गल्लीच्या मातीत मिसळा. सावली खरी, रंग तोच. पण माती चाळून घ्या, नाहीतर साधा खडा वीस पट होऊन धोंडा दिसेल. पिठाच्या चाळणीनं चाळली तरी भरड राहते, मी मलमलच्या फडक्यातून झाडते. चाळणी मात्र स्वतःची घ्या, मी सासूबाईंची घेतली होती.

आता कासरा. पोरं मोकळीच दोरी ओढण्याचं नाटक करतात ते लगेच कळतं, दोरी लोंबते. दोरी खऱ्या वजनाला बांधा. हातगाडीवर दोन पोती तुरी ठेवा आणि तिलाच कासरा बांधा. पोरांच्या पोटऱ्या खऱ्या ताणतील. गाडी दिसली तर दिसू द्या, नंदी तिच्यावरच बसणार आहे, गाडी त्याच्या पोटाखाली झाकली जाईल. नंदीला स्वतःची दोरी लावूच नका. नऊ इंची बैलाच्या सुतळीचा पीळ पडद्यावर वडाच्या पारंबीएवढा दिसतो.

आणि पोरांची नजर! बैल एकाला दिसतो झाडावर, दुसऱ्याला माझ्या कपाळावर. पंधरा फुटी बांबूला लाल फडकं बांधून गाडीवर उभा करा. वर बघा म्हटलं की सगळे तिथेच बघतात. बांबूचं टोक नंदीच्या डोक्याच्या जागी येईल असं ठेवा, म्हणजे तोही झाकला जाईल.

पोरं नंदीच्या पुढेच राहतील एवढं पहा. कोणी त्याच्यासमोरून आडवं गेलं तर ते पोर फ्रेम-फ्रेम कापून वर बसवावं लागतं.

---

रिकामटेकडी
गुरुवार, रात्री ८:४०

ताई हातगाडीची आयडिया 👏 मला वाटलं होतं सॉफ्टवेअरच सगळं करतं

---

उगाच_एक
गुरुवार, रात्री ९:१०

मग हिरवा पडदा तरी कशाला? नंदी कॅमेऱ्यासमोर जवळ ठेवा, मागे लांब पोरं उभी करा, झालं. जुन्या लोकांनी असंच केलं.

---

तिसरा_डोळा
गुरुवार, रात्री ९:३५

हे मात्र उगाच नाही! स्थिर शॉटला तुमचीच युक्ती सगळ्यात भारी, एकही कड कापावी लागत नाही आणि ऊन आपोआप जुळतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळानं एकेक फ्रेम टिपून दाखवली होती, तीही सगळी कॅमेऱ्यातच. पण इथे नंदी चालतो, दोन फुटांवरचा नंदी आणि साठ फुटांवरची पोरं एकाच वेळी स्पष्ट हवीत, शिवाय कासरा नंदीपर्यंत पोचला पाहिजे. तिथे पडदाच बरा.

उन्हाचं राहिलं. गल्ली सकाळी आठला काढली असेल तर नंदीही सकाळी आठलाच, त्याच दिशेला तोंड करून, अंगणात. घरात दोन बल्ब लावलेत की दोन सावल्या, आणि सूर्य एकच आहे. ट्यूबलाइटखाली काढावंच लागलं तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेनं पट्टे येतात. एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक) लॉक करा. पांढरा नंदी जवळ आला की फोन घाबरून सगळंच काळपट करतो.

शेवटी एक बारीक गोष्ट. ऐंशी फुटांवरच्या कुठल्याही वस्तूत पूर्ण काळा रंग नसतो, मध्ये हवा आणि धूळ असते. नंदीच्या डोळ्याचा काळा त्या अंतरावरच्या दाराच्या काळ्याएवढाच फिका करा.

---

पऱ्हाटी
पुढचा रविवार, रात्री १०:०५

झालं एकदाचं!

आभाळ भरून आलं होतं. मी रडकुंडीला आलो, काका म्हणाले हेच सोनं आहे, काढ. ढगांचा उजेड सगळीकडून सारखा, कार्डशीटवर एकही डाग नाही. गल्ली साडेआठला काढली, नंदी साडेनऊला, त्याच आभाळाखाली. लाटणं आईचं. मलमल मिळाली नाही, बाबांच्या जुन्या धोतरातून माती गाळली.

हातगाडीवर तुरीऐवजी ढेपेची पोती होती. पोट्टे खरंच घामाघूम झाले. झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणत ओढत होते, एका वेळी गाडी खड्ड्यात अडकली आणि सगळे मागे वळून बांबूकडे पाहून ओरडले. तोच टेक घेतला. नंदीला तिथं एडिटमध्ये अर्ध्या सेकंदाचा हळू झोल दिला. बुढा पाहत होता. म्हणाला, "हा मी एवढा नव्हता केला." मग फोन हातात घेऊन डावा कान शोधला. खूण दिसली.

एकच घोळ. पोरांना मी दम दिला होता की समोरून कोणी जायचं नाही. कोंबडीला कोण सांगणार? गाडीच्या चाकापुढून पळाली. नंदी बसवला तर ती त्याच्या पायातून आरपार जाते, म्हणजे आधी दिसते, मग बैलात शिरते, मग पलीकडून निघते. टेक बदलू का?

---

तिसरा_डोळा
रविवार, रात्री १०:३०

खबरदार बदलला तर! कोंबडी नंदीच्या पुढे दिसली पाहिजे. तिच्याएवढं माप दुसरं कोणी देणार नाही, कोंबडी केवढी असते हे सगळ्यांना माहीत आहे. फ्रेम-फ्रेम कापा. पायांच्या हालचालीत कड थोडी धूसर ठेवा, काटेकोर कापू नका.

---

शूटिंगवाले_काका
रविवार, रात्री १०:३४

किती फ्रेम आहेत?

---

पऱ्हाटी
रविवार, रात्री ११:५०

४१. त्यातल्या २३ झाल्या. पंख उघडते तिथं जीव जातो. लाइट गेली आहे, लॅपटॉप १४ टक्क्यांवर. सेव्ह करून झोपतो, उरलेल्या १८ सकाळी.